पाऊण मापाचं घर

सॅम्पल फ्लॅटमधल्या बेडवर कुणी झोपत नाही. लोक त्याच्या कडेला टेकतात, हाताने गादी दाबून पाहतात आणि पुढच्या खोलीकडे वळतात. त्यामुळे हा बेड खऱ्या बेडपेक्षा फूटभर आखूड असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. जेवणाचं टेबल अरुंद असतं. खुर्च्यांची पाठ बुटकी असते. कपाट जेमतेम वीतभर खोल असतं, आत हँगर अडकवला तर दार लागणार नाही. पण कपाट उघडून पाहणारा एखादाच, आणि त्यात हँगर अडकवून पाहणारा कुणीच नाही. आतल्या खोल्यांना चौकटी असतात, दारं नसतात, कारण उघडं दार जागा खातं. एवढं केलं की खोली आहे त्यापेक्षा दोन पावलं मोठी वाटते.

शहरात जिकडे पाहावं तिकडे इमारती वर चढत होत्या, त्या वर्षांत हे सामान बनवणारा एक सुतार होता. साइटवर त्याला सगळे मिस्त्री म्हणत. जुन्या गोदामांच्या मागच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड होती, आणि तिथे या कामाला ‘पाऊण’ म्हणत. टेप लावून पाहिलं तर ते पाऊणपेक्षा जरा जास्तच भरलं असतं, पण शब्द एकदा पडला तो पडला. शब्द त्याच्या वडिलांचा. पहिला आखूड बेड तयार झाला तेव्हा आबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी विचारलं, “गिऱ्हाईक कोण? पाऊण माणूस?” कारागीर हसले. पुढे ऑर्डर आली की पहिला प्रश्न हाच ठरला: पूर्ण की पाऊण?

शेड आबांची. त्यांनी ती भाड्याने घेतली, मग विकत घेतली, मग तिच्यावर नवे पत्रे चढवले. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मशिनला हात लावणं सोडलं, पण रोज सकाळी येऊन करवतींना धार लावत बसणं सोडलं नाही. अंगाने किडकिडीत आणि उंच. शेडच्या दारातून वाकून आत यायची त्यांची सवय इतकी जुनी होती की उंच दारातही ते वाकत.

सुरुवातीला पूर्ण मापाची कामं जास्त होती, पाऊण अधूनमधून. नंतर ते उलटं झालं. बिल्डरच्या ऑफिसातून एक सॅम्पल संपायच्या आत दुसऱ्याची ऑर्डर यायची. विक्री बघणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या झपाझप चालत, झपाझप बोलत, आणि कामाची माणसं बरोबर हेरत. मिस्त्रीला त्यांनी एकदा सांगितलं होतं, “लोक घर बघायला येत नाहीत मिस्त्री, स्वतःला बघायला येतात. आरसे मोठे लावा.” त्याने मोठे लावले. त्याची बायको या फ्लॅटसाठी उशा शिवायची. त्यांत कापूस थोडा आणि फाडलेला कागद जास्त, म्हणजे उशी दिवसभर ताठ राहते. डोकं टेकलं तर कुरकुरते, पण डोकं टेकतो कोण?

मिस्त्रीच्या एक गोष्ट लक्षात आली होती, पण तिचं काय करायचं हे त्याला कळलं नव्हतं. सॅम्पल दाखवून इमारत भराभर विकली जायची. मग किल्ल्या दिल्या जायच्या. आणि मग काहीच व्हायचं नाही. घर घेतलं की माणसाला बेड लागतो, कपाट लागतं, स्वयंपाकघरातले कप्पे लागतात. एवढ्या घरांची कामं यायला हवी होती. ती येत नव्हती. त्याने हे एकदा मॅडमना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की लोक आता तयार फर्निचर घेतात. ते त्याला पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं.

तोवर गल्लीतल्या चहावाल्याने दोन फ्लॅट बुक केले होते. इस्त्रीवाला तिसऱ्याच्या विचारात होता. कुणी घर घेतलं म्हटलं की पूर्वी लोक विचारायचे, राहायला कधी जाणार. आता विचारायचे, काढणार कधी. मिस्त्रीच्या मेव्हण्याने एक काढून दुसरा घेतला आणि मधल्या फायद्यात गाडी आणली, आणि ती गाडी तो मिस्त्रीच्या दारात अशा बेताने लावायचा की शेडमधून लाकूड बाहेर काढताना तिच्या बाजूने जावं लागे.

एक सॅम्पल पुरं झालं त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “वहिनींना घेऊन या उद्या. बघायला काय जातं?” दुसऱ्या दिवशी मिस्त्री बायकोला घेऊन पुढच्या दाराने आत गेला. एरवी तो मागच्या जिन्याने जायचा. एरवी कमरेला टेप असायचा. त्या दिवशी नव्हता, कारण पँट नवी होती आणि टेपने तिची कड फाकली असती. त्याने स्वतः बनवलेल्या बेडच्या कडेला तो टेकला आणि हाताने गादी दाबून पाहिली. बायको आरशासमोर उभी राहिली. खोली मोठी वाटत होती. ती का वाटत होती हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि तरीही ती त्याला मोठी वाटली. सातव्या मजल्यावरचा, हाच नकाशा असलेला फ्लॅट त्यांनी त्याच आठवड्यात बुक केला.

पहिली रक्कम साठवणीतून गेली. शेवटचा हिस्सा मॅडमनी मागाहून द्या म्हटलं. मधल्या रकमेसाठी बँक तारण मागत होती, आणि तारण एकच होतं, आबांची शेड. त्या संध्याकाळी मिस्त्रीने कागद शेडमध्ये नेले. आबा करवत मांडीवर घेऊन बसले होते.

“खोली केवढी?” त्यांनी विचारलं.

“मोठी आहे आबा.”

“मोठी म्हणजे केवढी?”

“बेड, कपाट, टेबल, सगळं मावून वर चालायला जागा राहते.”

“पूर्ण की पाऊण?”

मिस्त्री हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी करवत बाजूला ठेवली, हात पुसले आणि सांगितलं की सही करतो, पण माझ्या खोलीत माझ्या मापाचा बेड पाहिजे. मला पाय सरळ करून झोपायचंय, बाकी तुमचं तुम्ही बघा. मिस्त्रीने शब्द दिला. आबांनी थरथरत्या हाताने सही केली. ती आधीच्या सहीशी जुळेना, म्हणून बँकेच्या माणसाने आणखी दोनदा करून घेतली.

राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी मिस्त्री टेप घेऊन आबांच्या खोलीत बसला. सव्वासहा फुटांचा बेड त्याने खडूने फरशीवर आखला. दार उघडलं, ते खडूच्या रेघेच्या आत आलं. बेड दुसऱ्या भिंतीला आखला, तर कपाटाला जागा उरेना. तिरपा आखला, तर खिडकीपर्यंत जायला वाट राहीना. सगळ्या खोल्यांत थोड्याफार फरकाने हीच गत होती. त्याने ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला आणि बायकोला सांगितलं की आबांचं काम जरा पुढे ढकलू, शेडमध्ये घाई आहे.

घाई खरंच होती. जुन्या प्रकल्पाचं सॅम्पल मोडलं होतं आणि ते सामान भंगारात जायचं होतं. मिस्त्रीने ते घरी आणलं. आखूड बेड, अरुंद टेबल, वीतभर खोल कपाटं. ती त्या घरात अशी चपखल बसली की आलेला माणूस म्हणे, काय ऐसपैस घर आहे. आबांच्या बेडच्या पायथ्याशी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर चादरीची घडी. आबा त्यावर पाय ठेवून झोपू लागले. बेडचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारणं ही त्यांची विचारायची एक रीत होती. मिस्त्रीची मुलगी शाळेत जाणारी. तिला तिचा बेड पुरत होता. पण मुलगी वाढत होती.

बाकी सगळं मात्र पूर्ण मापाचं आलं. भिंतभर टीव्ही आला. मुलीची शाळा बदलली, नव्या शाळेच्या बसमध्ये थंड हवा होती. मेव्हण्याच्या गाडीपेक्षा जरा लांब अशी गाडी आली, तिच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढलं नाही. प्रत्येक गोष्टीचा हप्ता वेगळा होता आणि प्रत्येक हप्ता, एकेकटा पाहिला तर, झेपण्यासारखा होता.

मग मॅडमनी पैशांची पद्धत बदलली. सॅम्पलचं बिल दिलं की त्या म्हणत, “फ्लॅटच्या राहिलेल्या रकमेत वळते करून टाकू. तुमचेच पैसे तुमच्याच घरात.” वळते करणं हा सोयीचा शब्द होता. इकडची रक्कम न देता तिकडची कमी व्हायची, कागदावर सगळं चोख. पण प्लायवूडवाल्याला कागद चालत नव्हता आणि कारागिरांना तर नव्हताच. मिस्त्रीने शेडवर आणखी कर्ज काढलं. आबांनी पुन्हा सही केली. या वेळी त्यांनी खोलीबद्दल काही विचारलं नाही.

त्यानंतरची ऑर्डर वेगळी होती. फर्निचर नको, मॅडम म्हणाल्या, फक्त पडदे आणि दिवे. मिस्त्री राहत होता त्याच इमारतीतल्या बंद फ्लॅटांमध्ये रस्त्याच्या बाजूला पडदे लावायचे आणि मागे एकेक दिवा, टायमरवर. सगळे एकदम नको, कुणी लवकर लागेल, कुणी उशिरा, एखादा मध्येच विझेल. संध्याकाळी गिऱ्हाईक रस्त्यावरून वर बघतं तेव्हा इमारत भरलेली दिसली पाहिजे. मिस्त्रीने दोन कारागीर घेतले आणि मजल्यामागून मजला केला. काम हलकं होतं. रिकाम्या खोल्यांत स्टुलावर उभं राहून त्याने पडद्याच्या दांड्या ठोकल्या, आणि ठोकल्याचा आवाज शेजारच्या रिकाम्या खोलीत जाऊन परत आला. सातव्या मजल्यावरचे त्याच्या घराशेजारचे तिन्ही फ्लॅट त्यात होते. पैसे वळते झाले.

बायकोला त्याने हे सांगितलं नव्हतं. तिला इतर गोष्टी दिसत होत्या. लिफ्टमध्ये कधी कुणी भेटत नाही. पहारेकरी तिला फ्लॅटच्या नंबराने ओळखत नाही, ‘सातव्या मजल्याच्या ताई’ म्हणतो. मजल्यावर कचऱ्याचा डबा फक्त तिच्या दाराबाहेर. एका संध्याकाळी फक्त त्यांच्याच घरातली वीज गेली. समोरच्या फ्लॅटच्या दाराखालून उजेड दिसला म्हणून ती मेणबत्ती आहे का विचारायला गेली. घंटा वाजवून वाजवून परत आली. जेवताना ती म्हणाली, “समोर दिवा लागतो, पण माणूस नाही. काय प्रकार आहे?”

मिस्त्रीने घास संपवला आणि सांगून टाकलं.

तिने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे माझे शेजारी तुम्ही बसवलेत.”

आबांना हसू आलं, आणि त्यांनी ते पाण्याच्या पेल्यामागे लपवलं. तिला हसू आलं नव्हतं. तिने ताट उचलता उचलता सरळ हिशोब मांडला. हे घर विकायचं, भाव आहे तोवर. शेड सोडवायची. शेड असली तर काम आहे, काम असलं तर भाड्याच्या दोन खोल्या कुठेही मिळतात. आणि घर ठेवून शेड गेली, तर या घरात बसून करणार काय? उशा शिवणार? मिस्त्री म्हणाला, आता विकणं म्हणजे वेडेपणा, भाव अजून वर जातोय, सहा महिने थांबू. ती म्हणाली, कुणासाठी वर जातोय? शेजाऱ्यांना विचारून बघा.

सहा महिने थांबायची वेळ आली नाही. बँकेचं बोलावणं आलं. शेडचे हप्ते थकले होते आणि साहेबांनी सभ्यपणे सांगितलं की पुढच्या महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही तर शेडचा ताबा घ्यावा लागेल. मिस्त्री तिथून सरळ मॅडमकडे गेला. मॅडम म्हणाल्या, काळजी करू नका, गिऱ्हाईक आहे. तयार घर हवंय त्यांना, राहतं. तुमचंच दाखवू.

रविवारी ते जोडपं आलं. नवरा चष्मेवाला, शांत, वहीत काही टिपून घेणारा नव्हे. नुसता बघत होता. बायकोला घर पाहताक्षणी आवडलं. मिस्त्रीच्या बायकोने सकाळपासून खोल्या आवरल्या होत्या. आतली दारं बिजागऱ्यांतून काढून तिने गॅलरीत चादरीखाली ठेवली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कागदाच्या उशा पुन्हा बाहेर आल्या होत्या. मॅडम पुढे चालत होत्या आणि प्रत्येक खोलीत तेच शब्द बोलत होत्या जे त्या सॅम्पलमध्ये बोलत.

आबांच्या खोलीत चष्मेवाला थांबला. आबा बेडच्या कडेला बसले होते, स्टूल पायापाशी होतं. चष्मेवाल्याने गादी दाबून पाहिली नाही. तो म्हणाला, “आमचे वडील आमच्याकडे असतात. उंच आहेत, तुमच्यासारखेच.” मग मिस्त्रीकडे वळला. “बेड पूर्ण मापाचा आहे ना हा?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मॅडमनी दिलं असतं, मिस्त्री तेव्हा शेडमध्ये असता. मॅडम आता खिडकीतून बाहेर बघत होत्या.

“पूर्ण आहे,” मिस्त्री म्हणाला.

चष्मेवाल्याने अजून मान डोलावली नव्हती. त्याने आबांना विचारलं, “काका, तुम्ही इथेच झोपता? पाय वगैरे नीट पसरता येतात?”

आबांनी मुलाकडे पाहिलं. मग पायाने स्टूल हळूच बेडखाली सरकवलं. चादरीची घडी त्यासोबत आत गेली.

“आरामात,” ते म्हणाले.

आयुष्यात त्यांनी मापात खोटं सांगितलं ते एवढंच. जोडप्याने घर पसंत केलं, त्याच दिवशी तोंडी ठरलं, चहा झाला. जाताना चष्मेवाला म्हणाला, आमचं जुनं घर ठरलंय, त्याचे पैसे आले की लगेच तुमचे. त्यांच्या घराच्या गिऱ्हाइकालाही आधी आपलं घर विकायचं होतं. त्या गिऱ्हाइकाचंही तसंच काही होतं, असं मॅडम सहज बोलून गेल्या, जणू ही चांगली बातमी होती.

त्या रात्री मिस्त्रीने दारं परत बसवली. दुसऱ्या दिवसापासून आबा शेडमध्ये लवकर जाऊ लागले. त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या सागाच्या फळ्या बाहेर काढायला लावल्या, एका कारागिराला समोर उभं केलं आणि सांगून सांगून बेड करून घ्यायला लागले. सव्वासहा फुटांचा. मिस्त्रीने विचारलं, हा कशाला आता? आबा म्हणाले, भाड्याच्या खोलीत लागेल. शेड सुटणार, हे त्यांनी धरून चाललं होतं. त्यासाठी लागणारी किंमत त्यांनी दिली होती.

चष्मेवाल्याचा फोन आधी लवकर उचलला जायचा, मग उशिरा, मग त्याची बायको उचलायची. आमचं गिऱ्हाईक थांबलंय, ती म्हणाली, त्यांचं पुढचं थांबलंय म्हणून. चहावाला दोन्ही फ्लॅट काढायच्या खटपटीत होता आणि घेणारा भेटत नव्हता. मेव्हण्याची गाडी गल्लीत दिसेनाशी झाली. जागा मोकळी झाल्यावर लाकूड काढायला सोपं गेलं, पण लाकूड काढायला काम नव्हतं. मॅडमच्या ऑफिसला मिस्त्री गेला तेव्हा काचेवर आतून कागद चिकटवलेले होते. त्याने बनवलेलं स्वागताचं टेबल काचेच्या फटीतून दिसत होतं. तेही पाऊण होतं. लोक उभे राहून बोलतात, बसत नाहीत, म्हणून.

मग एका संध्याकाळी मिस्त्री घरी येत होता आणि चौकात थांबला. इमारत अंधारात होती. रिकाम्या फ्लॅटांचं वीजबिल भरायला आता कुणी उरलं नव्हतं. खालपासून वरपर्यंत सगळे मजले काळे, आणि सातव्यावर एकच खिडकी उजेडाची. रस्त्यावर दोघं जण वर बघत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, “तिथे कोण राहतं रे?” दुसरा म्हणाला, “टायमर बंद करायचा राहिला असेल.”

मिस्त्री लिफ्टपर्यंत गेला. लिफ्ट बंद होती. त्याने सात मजले चढून बायकोला सांगितलं, आणि तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

महिनाअखेरीला बँकेचा माणूस शेडवर आला. तरुण होता, बोलायला नरम. त्याला शेडचं माप घ्यायचं होतं आणि सोबत कुणी नव्हतं, म्हणून त्याने टेपचं दुसरं टोक मिस्त्रीच्या हातात दिलं. मिस्त्रीने ते भिंतीला लावून धरलं. टेप ढिला पडला होता. सवयीने त्याने तो ताणून घेतला. माणसाने आकडा वाचला आणि विचारलं, “बरोबर ना?”

“बरोबर,” मिस्त्री म्हणाला. “पूर्ण.”

आबा धारेच्या दगडापाशी बसले होते, पण करवत मांडीवर नव्हती. हत्यारं कारागिरांनी सकाळीच पोत्यांत भरून नेली होती. शेडच्या मध्यभागी बेड उभा होता, चारही पायांवर, जोड असे बसलेले की नख आत जाऊ नये. बँकेच्या माणसाने त्यावर हात फिरवला.

“हा कुणाचा?”

“माझा,” आबा म्हणाले.

“न्यायचा असेल तर आजच न्या काका. उद्या कुलूप लागेल.” आणि मग, मदत करायच्या सुरात, “टेम्पो बोलवू का?”

आबांनी मुलाकडे पाहिलं नाही. “बोलवून काय करू,” ते म्हणाले. “तिथे मावत नाही.”

कुलूप लागलं तेव्हा बेड आतच होता. सागाचा, सव्वासहा फुटांचा. फक्त पॉलिश राहिलं होतं.